हवेचं दळण

नमस्कार मंडळी.

नातू झाला तेव्हा मी पुण्याला लेकीकडे होते. तो नऊ दिवसांचा होता. सकाळी उठले आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात चुणचुण सुरू झाली. ही चुणचुण माझ्या चाळीस वर्षांच्या ओळखीची. दुपारपर्यंत तिथं मोहरीएवढे चार-पाच दाणे उठणार, रात्रीपर्यंत त्यात पाणी भरणार, मग ते फुटून खपली धरणार, आणि आठ-दहा दिवस मी तोंडाला पदर लावून फिरणार. आपल्याकडं कुणी याला ‘ताप ओठावर फुटला’ म्हणतं, कुणी ‘कोळी मुतला’ म्हणतं. बिचाऱ्या कोळ्याचा यात काही संबंध नाही.

लेकीनं बाळाच्या डॉक्टरांना सहज फोनवर सांगितलं, तर त्यांनी मलाच फोनवर बोलावलं. म्हणाले, “आजी, खपली पडून कातडी नीट होईपर्यंत बाळाची पापी घ्यायची नाही. त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. फोडाला हात लागला तर साबणानं धुतल्याशिवाय त्याला उचलायचं नाही.” मला जरा रागच आला. एवढ्याशा फोडाचं काय एवढं? तेव्हा त्यांनी समजावलं की मोठ्या माणसाला हा फोड नुसता त्रास देतो, पण महिनाभराच्या आतल्या बाळाच्या अंगात हाच विषाणू गेला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो आणि जिवावर बेतू शकतं. श्रोतेहो, मी माझ्या तीन भाच्यांना ओठावर फोड असताना कुरवाळलेलं आहे. त्या दिवशी मी हॉलमध्ये गादी टाकली.

आता हातात नातू नाही, स्वयंपाकाला बाई, मग सकाळी करायचं काय? म्हणून मी सोसायटीच्या बागेत जाऊन बसायला लागले. तिथं एक सत्तरीचे काका चार-पाच जणांना काहीतरी शिकवत होते. सगळे इतक्या संथपणे हलत होते की मला आधी वाटलं, कुणाला चक्कर येतेय. ते ताई ची होतं, चीनमधला संथ हालचालींचा व्यायाम.

ताई चीकडे वळण्याआधी या फोडाची कूळकथा सांगते, कारण ती मला साठीपर्यंत माहीत नव्हती. याचा विषाणू म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांपैकी जवळपास दोघांच्या अंगात तो असतो. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणाच्या तरी मायेच्या पापीतून. पुष्कळांना आयुष्यभर एकही फोड येत नाही. पण एकदा आत शिरला की तो जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी जी मोठी नस आहे, तिच्या मुळाशी कवटीच्या आत एक गाठ असते. तिथं तो मुक्काम टाकून झोपतो. जाग आली की त्याच नसेतून उतरून ओठावर येतो. म्हणून फोड दरवेळी साधारण त्याच जागी उठतो, आणि उठायच्या आधी चुणचुणतं.

जाग कशानं येते? तापानं येते, म्हणून तर ‘ताप ओठावर फुटला’ हे नाव पडलं. काहींना पाळीच्या दिवसांत येते, ओठाला इजा झाली की येते, जागरणानं येते. मनावरच्या ताणानं येते. आणि कडक उन्हानं येते. हे शेवटचं ऐकलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमचं घर अमळनेरला. माझा हमखास फोड वैशाखात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे. मी चाळीस वर्षं त्याचं खापर कैरीवर आणि ‘उष्णते’वर फोडत आले. सब्जा प्याले, गुलकंद खाल्ला, शेवभाजीचा रस्सा सोडला. पण आखाजीच्या सुमाराला मी करत काय होते? पहाटे चारला उठून ज्वारीचा घाटा शिजवायचा, गच्चीवर धोतर पसरून बिबडे थापायचे, मग कुरडया, मग उडदाचे पापड. नऊ-दहा वाजेपर्यंत उन्हात ओणवं. त्याच दिवसांत मुली माहेरी येणार, लग्नाच्या पत्रिकांचा ढीग, आणि नोकरीत होते तोवर शाळेचे निकालपत्रक. ऊन, जागरण आणि ताण, तिन्ही एकाच ताटात. आमच्याकडे तेव्हा पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. बाहेर पडताना आपण डोकं बांधतो, कान बांधतो, ओठ मात्र उघडेच!

तर बागेतले काका. त्यांनी मला पहिल्या दिवशी फक्त उभं राहायला शिकवलं. दोन पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे किंचित सैल, जिभेचं टोक टाळूला, खांदे खाली सोडलेले. श्वास घेताना दोन्ही हात पाण्यावर तरंगत वर यावेत तसे खांद्यापर्यंत आणायचे, सोडताना खाली. बस्स. मी म्हटलं, यात काय आहे? दहाव्या वेळेला समजलं की माझे खांदे कानापाशी चढलेले असतात आणि ते मला ठाऊकच नाही. दात आवळलेले. फळ्यासमोर तीस वर्षं अशीच उभी राहिले असणार.

हे जे नुसतं उभं राहून श्वासाबरोबर हात हलवणं आहे, ते छीगोंग. ‘छी’ म्हणजे श्वास, आपण प्राण म्हणतो त्याच्या जवळचं. ‘गोंग’ म्हणजे सरावानं कमावलेलं काम. गंमत म्हणजे ताई चीमधला ‘ची’ हा वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ टोक, परमावधी. ताई ची मुळात लढाईची विद्या. चीनच्या हनान प्रांतात चेन घराण्याचं एक गाव आहे, तिथं सतराव्या शतकात ती रुजली असं मानतात. १९५६ साली चिनी सरकारनं सामान्य माणसासाठी २४ हालचालींचा छोटा क्रम बसवला, तोच आज जगभरच्या बागांत दिसतो. २०२० मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हालचालींची नावं ऐकण्यासारखी आहेत. एकीचं नाव रानघोड्याची आयाळ विंचरणं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या मानेवरून हात फिरवलेला माणूस ती एका दिवसात शिकेल. दुसरी म्हणजे ढगांसारखे हात. वजन या पायावरून त्या पायावर, कंबर वळते आणि हात तिच्यामागून गोल जातात.

गावी परत आले आणि गच्चीवर पहाटे हे सुरू केलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी कठड्यावरून डोकावून विचारलं, “काय करी ऱ्हायनी वं बाई? हवा दयी ऱ्हायनी का?” हवा दळतेस का! मी हसले, पण मग लक्षात आलं की बाई अगदी नेमकं बोलल्या. जात्यावर बसलेल्या बाईचं अंग कमरेतून फिरतं, हात नुसता खुंट्याबरोबर जातो. खांद्यानं जातं ओढणारीचा हात तासाभरात भरून येतो. ढगांसारखे हात म्हणजे तेच, फक्त उभ्यानं.

आता मुद्द्याचं. यानं फोड थांबतो का? इथं मी शाळेतल्यासारखी काटेकोर होणार आहे. ताई चीनं हा विषाणू मरत नाही. आलेला फोड चार हात हलवून जात नाही. यूट्यूबवर कुणी तसं सांगत असेल तर पुढं सरका. पण ताणाचा आणि या विषाणूंच्या जागं होण्याचा संबंध खरा आहे. त्या नसेच्या गाठीभोवती आपल्या पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. ताण लांबला, शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहिलं, की पहारा ढिला पडतो. अमेरिकेच्या नासानं अंतराळवीर तपासले, तर निम्म्याहून अधिक जणांच्या शरीरात हर्पिस कुळातले झोपलेले विषाणू उड्डाणाच्या काळात जागे झालेले सापडले. बहुतेकांना फोड आले नाहीत, हा भाग वेगळा. पण एवढी निवडून घेतलेली धडधाकट माणसं, त्यांची ही गत, तर बिबडे थापणाऱ्या माझं काय!

आणि ताई चीबद्दल एक चांगला अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. मायकेल अर्विन यांचा आहे, २००७ सालचा. ५९ ते ८६ वयाची ११२ निरोगी माणसं घेतली. निम्म्यांना १६ आठवडे ताई ची शिकवलं, निम्म्यांना आरोग्याचे धडे दिले, आणि मग सगळ्यांना कांजिण्यांची लस दिली. कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूनं होतात. हा नागिणीचा विषाणू ओळखणारी प्रतिकारशक्ती ताई चीवाल्यांत जास्त वाढली. नीट ऐका, नागिणीचा. नागीण आणि ओठावरचा फोड यांचे विषाणू एकाच कुळातले, नसेत झोपण्याची सवयही तीच, पण ते चुलतभाऊ आहेत, सख्खे नव्हेत. चुलत्याकडची उधारी याच्या वहीत मांडता येत नाही. माझ्यापुरतं मी इतकंच धरते की ताण उतरतो, झोप लागते, आणि ही दोन कारणं तरी कमी होतात. ऊन टाळायचं काम ताई ची करत नाही. त्यासाठी ओठांना ऊन रोखणारा बाम लागतो आणि तोंडावरून रुमाल.

सरावाची वेळही त्याच हिशेबानं. आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसहाच्या आत उरकायचं. अंगात ताप असेल त्या दिवशी सुट्टी. गुडघा दुखत असेल तर खाली वाकायचा हट्ट नको, उभ्यानं किंवा खुर्चीवर बसून करा. तोल जाणाऱ्यांनी हाताशी भिंत ठेवावी. मी वीस मिनिटं करते.

औषधाचं मात्र औषधच. अ‍ॅसायक्लोव्हिर हे त्यातलं जुनं नाव. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. याचा उपयोग चुणचुण सुरू झाल्याबरोबर होतो, खपली धरल्यावर फारसा नाही. म्हणून डॉक्टरांना एकदाच नीट विचारून ठेवावं. आणि मेडिकलवाल्याकडून ‘कसलीतरी फोडाची ट्यूब’ आणू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असतं, त्यानं हा फोड चिघळू शकतो. मी स्वतः दोन वर्षं तेच लावत होते. चुना, टूथपेस्ट, राख यांचं तर बोलायलाच नको. डोळा लाल होऊन खुपायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. फोड दोन आठवड्यांत बरा होत नसेल, सारखासारखा येत असेल, किंवा मधुमेह, कर्करोगाचे उपचार असं काही असेल, तरी दाखवा. आणि फोड असताना माठावरचा तुमचा पेला, तुमचा टॉवेल वेगळा ठेवा.

ताई चीचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा कुठल्या अभ्यासात नाही. रोज वीस मिनिटं स्वतःच्या अंगाकडे लक्ष द्यायची सवय लागली, त्यामुळं चुणचुण मला आता पहाटेच कळते. गेल्या आखाजीला ढगांसारखे हात करतानाच ओठ बोलला. सराव तिथंच थांबवला, गोळी घेतली, बिबड्यांचा घाटा सुनेच्या हवाली केला आणि सावलीत बसून पापड लाटले. दोन दाणे उठले, तिसऱ्या दिवशी सुकले. नातू आता सहा वर्षांचा आहे. तो आला होता. मी लांबूनच हात हलवला, तर म्हणाला, “आजी, तुझा ताप जागा झाला का?”

शेजारच्या काकू हल्ली पहाटे कठडा ओलांडून येतात. नऊवारीत रानघोड्याची आयाळ विंचरतात. काल शेवटी हात खाली सोडले, लांब श्वास टाकला आणि म्हणाल्या, “बाई, आज दयन बारीक पडनं.”