पक्षी लांबच राहू द्या

नमस्कार, श्रोतेहो.

थंडी पडली की पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणच्या आसपास गाड्यांची गर्दी वाढते. उजनी धरणाच्या फुगवट्यात, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरलेले असतात आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरेवाले. खांद्यावर 600 मिलिमीटरची, तोफेसारखी लांब लेन्स मिरवणारे त्यात थोडेच. बाकीच्यांकडे 70-300 मिलिमीटरची साधी झूम लेन्स असते. नाव पाण्यात शिरली, की त्यांच्या तोंडून हमखास निघतं, "दादा, अजून थोडं पुढं घ्या की!"

आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. पुढं घेऊ नका. जिथून पक्षी निवांत चरताना दिसतोय तिथूनच टिपा आणि फोटो घरी येऊन क्रॉप करा, म्हणजे कडा कापून पक्ष्याभोवतालचा तुकडा तेवढा ठेवा.

क्रॉप केलेला फोटो खरा नव्हे, असं ठासून सांगणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. हिशेब बघा ना. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 6000 बाय 4000 पिक्सेल. लांबी-रुंदी निम्मी केली तरी 3000 बाय 2000 उरतात, म्हणजे दहा इंच रुंदीची उत्तम छपाई. पुन्हा निम्मं केलं, तर 1500 बाय 1000. भिंतीवर लावायला हे अपुरं, पण ओळख पटवायला पुरेसं. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे चिखलात तुरुतुरु फिरणारे, जवळपास चिमणीएवढे पक्षी. पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर. पायांचा रंग तेवढ्या तुकड्यातही कळतो, फक्त पाय चिखलाने माखलेले नसावेत.

मात्र क्रॉप केल्यावर पक्ष्याबरोबर फोटोतले दोषही मोठे दिसतात. म्हणून शटरचा वेग चढा ठेवा. उडत्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग, बसलेल्यालाही निदान पाचशेवा, कारण नाव डुलत असते. त्यापायी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढला तर खुशाल वाढू द्या. फोटोत दाणे आले तर नंतर कमी करता येतात, हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची मूळ नोंद, घ्या. साध्या झूम लेन्सा पूर्ण 300 वर थोड्या मऊ पडतात, म्हणजे फोटो कमी रेखीव येतो, तेव्हा उजेड असेल तर लेन्सचं छिद्र एफ 8 पर्यंत लहान करा.

आणि पहाटे जा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग कितीही महागडी लेन्स लावा, लांबच्या पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या येतात.

आता अंतराबद्दल. रोहित चरतो तेव्हा त्याचं डोकं उलटं असतं, चोच पाण्यात बुडालेली, आणि त्या चोचीतून तो चिखलपाणी गाळत असतो. नाव जवळ आली की आधी एक मान वर येते. मग चार, मग दहा. चरणं थांबतं आणि सगळा थवा एकाच दिशेने चालू लागतो. ही खूण दिसली की नाव मागे घ्यायला सांगा. आणखी रेटलंत, तर ते पाण्यावर लांबवर धावत जाऊन उडतात. पंखांखालचा तो लाल-काळा रंग टिपायला काही जण मुद्दाम थवा उडवायला लावतात. हे बघून मला फार वाईट वाटतं. त्या पक्ष्यांचं चरणं तुटतं, आणि एवढं जड शरीर हवेत उचलायला लागणारी ताकद फुकट जाते.

शेवटचं एक. फोटो तीक्ष्ण करून देणारी नवी सॉफ्टवेअर्स आली आहेत. त्यातली काही, नसलेली पिसं स्वतःच रंगवतात. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकदंबांपैकी, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांपैकी, एखाद्याच्या गळ्यात संशोधकांनी घातलेला पट्टा असतो, त्यावर अक्षरं-आकडे असतात. मोंगोलियात पट्टे घातलेले असे पक्षी भारतात दिसलेले आहेत. तुमच्या फोटोत असा पट्टा दिसला, तर सॉफ्टवेअरने कोरून दिलेल्या आकड्यावर विसंबू नका. मूळ फाईल जशीच्या तशी जपा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि क्रॉप नेहमी तिच्या प्रतीवरच करा.

नमस्कार.