आवाज, फ्लॅश आणि कन्फेशन रूम: १९९८ ते २००२ मधलं काय उरलं?

मंडळी, सहस्रक बदललं त्या सुमाराच्या पॉप संस्कृतीचा विषय निघाला की कमरेखाली उतरलेल्या जीन्स आणि चंदेरी आयशॅडो आठवते. या गोष्टी येतात नि जातात. जुनी फॅशन वीसेक वर्षांनी परत येते, त्यात नवल काही नाही. मला बोलायचंय ते त्याहून चिवट गोष्टींबद्दल. त्या चार-पाच वर्षांत काही यंत्रं आणि कामाच्या काही पद्धती घरोघरी पोचल्या. त्यांच्यात उणिवा होत्या, आणि त्या झाकायची सगळ्यांची धडपड असे. आज त्याच उणिवा आपण खटपट करून मुद्दाम आणतो.

ऑटो-ट्यून घ्या. अँडी हिल्डेब्रँड मुळात तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या लहरींचं विश्लेषण करणारा माणूस. त्याच जातीच्या गणितानं गाणाऱ्याचा सूर पकडता येतो हे त्याला दिसलं, आणि १९९७ मध्ये त्याच्या अँटारेस कंपनीनं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर आणलं. हेतू सरळ होता: किंचित हललेला सूर कुणाला न कळता जागेवर बसवायचा. त्यात ‘रिट्यून स्पीड’ नावाचं सेटिंग आहे, ० ते ४०० मिलिसेकंदांचं. वीस ते पन्नासच्या मध्ये ठेवलं तर दुरुस्ती बहुधा लपून जाते. शून्यावर नेलं की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरीसारखा उडी मारतो. १९९८ मध्ये शेर या अमेरिकन गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात ही उडी जगानं ऐकली. निर्मात्यांनी आधी हे व्होकोडरचं, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या जुन्या उपकरणाचं काम आहे असं सांगून युक्ती झाकली होती. ती झाकलेली राहणं अवघडच होतं.

हा परिणाम आज करायचा तर नुसतं शून्य लावून भागत नाही. आधी गाण्याची पट्टी आणि स्केल भरा. ते क्रोमॅटिकवर सोडलं तर सॉफ्टवेअर बारा स्वरांपैकी जवळचा स्वर धरतं, आणि गायिका अर्धवट चढली असेल तर शेजारच्या चुकीच्या स्वरावर जाऊन ठाम बसतं. आवाज एकटा आणि कोरडा हवा. हेडफोनमधून गळलेला ताल किंवा खोलीचा घुमारा त्यात असेल तर सूर ओळखताना गोंधळ होतो आणि आवाज थरथरतो. रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) वगैरे सगळं ऑटो-ट्यूनच्या नंतर. आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट अशी की, गायिका प्रत्येक स्वर नेमका आणि सरळ लावत असेल तर हा परिणाम फारसा ऐकूच येत नाही. तो जाणवतो स्वरांच्या मधल्या प्रवासात. म्हणून गाताना मींड घ्यावी, हरकती घ्याव्यात. यंत्र त्यांचे तुकडे पाडतं, तोच तर तो आवाज. सुरेल गाणाऱ्यांनी ऑटो-ट्यूनला नावं ठेवावीत आणि त्यांच्याच गळ्यावर ते सगळ्यात झकास वाजावं, यात मला गंमत वाटते.

एमपीथ्रीबद्दल थोडक्यात. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात. लोक एकमेकांना वाटत होते त्या एमपीथ्री फाइली १२८ किलोबिटच्या, म्हणजे अकरावा हिस्सा. मिनिटाला साधारण एक मेगाबाइट. ५६केच्या मोडेमवर चार मेगाबाइटचं गाणं उतरायला पंधरा-एक मिनिटं लागत. जून १९९९ ते जुलै २००१, लोकांना आपापसांत गाण्यांच्या फाइली वाटू देणाऱ्या नॅप्स्टरचं आयुष्य इतकंच, पण अल्बमऐवजी एकेक गाणं हवं ही सवय तिथे पक्की झाली. १२८वर एन्कोडर, म्हणजे गाणं दाबून लहान फाइल करणारं सॉफ्टवेअर, बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापून टाकतं, म्हणून झांजा सळसळतात. अशी जुनी फाइल ३२०वर पुन्हा एन्कोड करून ती सुधारत नाही. गेलेलं परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा थोडं जातं.

आता छायाचित्रं. दोन ते पाच मेगापिक्सेलचे छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा शोधले जाताहेत, आणि श्रेय दिलं जातं त्यांतल्या सीसीडी सेन्सरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या जुन्या प्रकारच्या चिपला. मला ते श्रेय फुगवलेलं वाटतं. रंग मुख्यतः कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेतून येतात. त्या फोटोंचा खरा कर्ता फ्लॅश आहे. तो लेन्सला चिकटून असतो, म्हणून प्रकाश डोळ्यांतल्या रेटिनावरून थेट परत येतो आणि डोळे लाल दिसतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, म्हणून दीड मीटरवरचा चेहरा पांढराफटक आणि मागची खोली काळी. या फ्लॅशमधल्या झेनॉन वायूचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, म्हणून उडालेले केस हवेत गोठतात. फोनचा एलईडी दुबळा आणि लांबणारा, त्याला हे जमत नाही. फिल्टर दाणे घालतो, कोपऱ्यात नारिंगी तारीख घालतो, पण प्रकाश कुठून आला ते बदलू शकत नाही.

जुना कॅमेरा घ्यायचा तर आधी कार्ड बघा. स्मार्टमीडिया, एक्सडी आता नवी बनत नाहीत. एसडीचा असला तरी २००६च्या आधीचे कॅमेरे सहसा दोन जीबीपर्यंतचीच साधी कार्डं वाचतात, आजचं ३२ जीबीचं घातलं की एरर. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरा. अल्कलाइन फ्लॅशच्या ओढीपुढे लवकर मान टाकतात, आणि आत विसरले तर गळून पट्ट्या गंजवतात. तारीख दर वेळी मागे जात असेल तर आतली घड्याळाची बॅटरी संपली आहे. माणूस एक ते तीन मीटरवर उभा करा, बटण अर्धं दाबून फोकस लागू द्या, मग पूर्ण दाबा. घाईत एकदम दाबलं की हसू ओसरल्यावरचा फोटो मिळतो.

कपडे आणि प्लास्टिक यांवर मी रेंगाळत नाही. १९९८च्या आयमॅक या ॲपलच्या संगणकानं अर्धपारदर्शक रंगीत कवच रूढ केलं, आणि कवचातून आतलं दिसतं म्हणून आतल्या भागांचीही सजावट करावी लागली. त्याची नक्कल करणाऱ्या कित्येकांनी हे दुसरं कलम वाचलंच नाही.

सगळ्यात खोल गेलेली गोष्ट मात्र टीव्हीची. १६ सप्टेंबर १९९९ला नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं, म्हणजे एका घरात बंद केलेल्या माणसांवर सतत कॅमेरे रोखणारा कार्यक्रम, आणि देशोदेशी विकला गेला तो त्याचा आराखडा. त्यातली एक खोली, कन्फेशन रूम, आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे: माणूस एकटा बसून कॅमेऱ्याशी बोलतो, प्रश्न विचारणारा दिसत नाही. पुढे अशा कार्यक्रमांत याचं तंत्रच बसलं. प्रश्न संकलनात काढायचा असतो, म्हणून उत्तरातच प्रश्न घालून बोलायला सांगतात. ‘हो, राग आला’ चालत नाही, ‘तिनं माझा कप घेतला तेव्हा मला राग आला’ असं पूर्ण वाक्य हवं. घटना होऊन गेलेली असली तरी अनेकदा वर्तमानकाळात बोलायला लावतात. मुलाखती वेगवेगळ्या दिवशी होतात, म्हणून पुष्कळदा तोच शर्ट पुन्हा घालायला लावतात, म्हणजे कुठलंही वाक्य कुठेही जोडता येतं.

जोड ओळखायची असेल तर चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. बोलणाऱ्याचं तोंड दिसतंय तोवर वाक्य बहुधा अखंड असतं. वाक्य अर्ध्यात असताना चित्र दुसऱ्या कुणावर गेलं, आवाज मात्र चालू राहिला, आणि एखाद्या शब्दाचा सूर भलत्याच ठिकाणी चढला किंवा खोलीची गाज बदलली, तर कात्री तिथे चाललेली असण्याचा संभव मोठा. खाली अचानक संगीत सुरू झालं असेल तर संशय आणखी बळावतो, कारण गाज झाकायचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.