भागभांडवल की कर्ज: सिंदिया कंपनीचा अनुभव

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या घटनेची आठवण म्हणून हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांनी सहकाऱ्यांसह ही कंपनी काढली ती मुख्यतः भागभांडवलावर, म्हणजे शेअर घेणाऱ्यांच्या पैशावर.

तो पैसा लगेच कसाला लागला. किनारी वाहतुकीवर पकड असलेल्या ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे भाडे मुद्दाम पाडले. शिवाय ठरावीक मुदतीत सगळा माल आपल्याच जहाजांतून पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्याचा काही भाग नंतर परत देण्याची पद्धत त्यांनी ठेवली होती, त्यामुळे एक खेप जरी सिंदियाला दिली तरी व्यापाऱ्याची साठलेली सूट बुडत असे. हा मार सोसून सिंदिया टिकली आणि १९२३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांना तिच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला. कराराच्या अटी जाचक होत्या, पण कंपनी शाबूत राहिली. लाभांश मिळाला नाही तर भागधारक नाराज होतो, शेअर विकून टाकतो. मात्र तो जहाजावर जप्ती आणू शकत नाही. सिंदियाच्या टिकण्यामागे देशाभिमान होताच, पण भांडवलाच्या या स्वरूपाचे श्रेयही तितकेच मोठे आहे, असे आम्हांला वाटते.

मग जहाज कंपन्या कर्ज का काढतात? जहाज महाग असते, व्याज भागधारकाच्या अपेक्षित परताव्यापेक्षा कमी असते आणि कर्ज घेतल्याने मालकी वाटली जात नाही. व्याजामुळे करही वाचतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण भारतात २००४ पासून आलेला टनेज कर स्वीकारणाऱ्या कंपनीचा कर नफ्यावर नव्हे, तर जहाजाच्या टनेजवर, म्हणजे आकारमानावर ठरतो, त्यामुळे तिला हा लाभ मिळत नाही.

समजा, १०० कोटींच्या जहाजासाठी बँकेने ७० कोटी दिले आणि जहाज गहाण ठेवून घेतले. जहाजाचा बाजारभाव कर्जाच्या किमान सव्वापट राहिला पाहिजे, अशी अट करारात आहे. मंदी येऊन भाव ८० कोटींवर उतरला, की मालकाच्या ३० कोटींपैकी १० कोटीच उरतात. आणि एकही हप्ता थकलेला नसताना अटीचा भंग होतो, म्हणून कर्ज ६४ कोटींवर आणण्यासाठी ६ कोटी रोख भरावे लागतात, तेही भाड्याचे उत्पन्न आटलेले असताना. ही मंदी किती झपाट्याने येते, हे २००८ मध्ये दिसले: कोळसा, धान्य अशा सुट्या मालाच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे महिन्यात ११,७९३ होता, तो डिसेंबरमध्ये ६६३ वर आला.

स्वतंत्र भारताने जहाजांसाठी कर्जाचा मार्ग निवडला. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने नौवहन विकास निधी स्थापन झाला आणि त्यातून सवलतीच्या दराने कर्जे दिली गेली. ताफा वाढला, हे खरेच. पण याच निधीच्या मोठ्या कर्जावर उभ्या राहिलेल्या जयंती शिपिंग कंपनीचे व्यवस्थापन १९६६ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावे लागले, आणि ऐंशीच्या दशकातल्या जागतिक मंदीत अनेक कंपन्यांचे हप्ते थकले. १९८६ च्या कायद्याने हा निधी चालवणारी समितीच रद्द झाली. ज्या सिंदियाने ब्रिटिशांचे दरयुद्ध पचवले होते, तीही कर्जाच्या ओझ्याखाली खचली.

२०२५ मध्ये केंद्र सरकारने २५,००० कोटी रुपयांच्या सागरी विकास निधीला मंजुरी दिली. त्यातले २०,००० कोटी गुंतवणुकीसाठी आहेत, त्यात केंद्राचा वाटा ४९ टक्के आहे, आणि ५,००० कोटी कर्जावरील व्याजाचा भार हलका करण्यासाठी आहेत. ही विभागणी आम्हांला योग्य वाटते. मात्र त्या २०,००० कोटींपैकी किती रक्कम खरोखर भागभांडवल म्हणून कंपन्यांत उतरते आणि पडत्या बाजारात ती किती काळ थांबायला तयार असते, यावर आता लक्ष ठेवायला हवे.