फडावरचा माणूस नेमका कुणाचा?

आता हे जे स्क्रीनवर दिसतंय ना, बांबू वाकवून वर ताडपत्री आणि पाचट टाकलेलं, याला कोपी म्हणतात, ऊस तोडायला आलेल्या कामगारांची झोपडी. ताठ उभं राहता येत नाही, वाकूनच आत शिरायचं. एका कोपऱ्यात पिठाचा डबा, एका कोपऱ्यात अंथरूण, चूल बाहेर. आत नवरा-बायको, दोन-तीन पोरं, कधी सोबत म्हातारीपण. आणि अशा शेकडो कोप्या एकमेकींना खेटून, साखर कारखान्याजवळच्या कुठल्यातरी मोकळ्या रानात. मार्च २०२० मध्ये टीव्हीवर सांगत होते की दोन माणसांत सहा फुटांचं अंतर ठेवा, सारखे साबणानं हात धुवा. इथं पाणी येतं शेतकऱ्याच्या मोटारीवरनं, तेपण लाईट असली तर.

ही माणसं बीडची, तिकडं धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, मग नगरच्या पाथर्डी-शेवगावची, जालना, परभणीची. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडच्या कारखान्यांवर जायचं, काहीजण थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात परत. राज्यात असे किती लोक आहेत, तर कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा, कुणी पंधरा. एवढ्या मोठ्या संख्येची धड मोजणीच नाही, आणि लॉकडाऊनमध्ये पुढं जे काही झालं त्याचं मूळ बऱ्यापैकी इथंच आहे.

त्या वर्षी हंगाम मुळातच उशिरा सुरू झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर, मराठवाड्यात दुष्काळ, त्यामुळं ऊस कमी, आणि कारखाने सुरू झाले ते नोव्हेंबर संपत आल्यावर. बऱ्याच कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम संपला, पण काही ठिकाणी मार्चच्या शेवटीही फडात, म्हणजे उसाच्या शेतात, ऊस उभाच होता. २४ मार्चला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला. साखर अत्यावश्यक, म्हणून कारखाना चालू. म्हणजे बाजार बंद, एसटी बंद, गावाच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकलेल्या, आणि तोडणी मात्र चालू! पहाटे चारला उठून फडात जायचं, नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर उचलून गाडीत भरायच्या. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर रोज चार गावं फिरून येणार, त्याच्याशी संबंध येणारच. ज्या गावाच्या शिवारातला ऊस तोडतोय त्याच गावातल्या किराणा दुकानावर गेलं की लोक लांबूनच हाकलायचे, तुम्ही बाहेरचे म्हणून. रेशनकार्ड गावाकडं, म्हाताऱ्या आईबापाजवळ.

मग लोक निघाले. कुणी टेम्पोत लपून, कुणी बैलगाडी घेऊन, कुणी पायी. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसांनी अडवलं, परत पाठवलं, नाहीतर तिथंच ठेवलं.

आणि इथं तो प्रश्न आला जो एरवी कुणी विचारत नाही. हा माणूस नेमका कुणाचा? कारखाना म्हणणार आमचा करार वाहतूकदाराशी, मुकादमाशी, म्हणजे मजूर आणून देणाऱ्या ठेकेदाराशी. मुकादम म्हणणार मी काय मालक आहे का, मीच कर्जात. शेतकरी म्हणणार माझा फक्त ऊस. उन्हाळ्यात, नाहीतर पावसाळा संपता संपता, मुकादम एका कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, कोयता म्हणजे इथं नवरा-बायकोची जोडी, पन्नास हजार, लाख, कधी त्याच्याही वर, आणि हंगामभर ती उचल फेडायची. हजेरीपट नाही, पीएफ नाही, ईएसआयसीचा आरोग्य विमा नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो आंतरराज्य. बीडचा माणूस बेळगावला गेला तर निदान कागदावर तरी त्यात बसणार, तोच माणूस कोल्हापूरला गेला तर नाही. घरापासून दोन्हीकडं साधारण तेवढंच लांब.

१७ एप्रिल २०२० ला राज्य सरकारनं आदेश काढला, तेव्हाचे सामाजिक न्यायमंत्री धनंजय मुंडे यांनी तो जाहीर केला. ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार अडकलेले होते. आदेशात काय होतं ते नीट ऐका. कारखान्यानं कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या गाववार याद्या करायच्या, सगळ्यांची आरोग्य तपासणी करून घ्यायची, प्रशासनाची परवानगी काढायची, आणि घरी पोचवायची सोय करायची. कारखान्यानं! ज्या कारखान्याचा या माणसांशी थेट करारच नाही असं इतकी वर्षं सांगितलं जात होतं, त्याच कारखान्यांनी काही दिवसांत याद्या केल्या, गाड्या लावल्या. आमचं म्हणणं एवढंच आहे की हे अशक्य कधीच नव्हतं.

गावात पोचल्यावर मग शाळेत नाहीतर रानात क्वारंटाईन, तो वेगळाच विषय आहे, त्यात आत्ता जात नाही.

आता आजारपणाचं बघू, कारण साथीत खरा धोका तिथंच होता. तोडणीला एक दिवस दांडी पडली की त्याला खाडा म्हणतात. खाडा झाला की त्या दिवसाची कमाई तर गेलीच, वर मुकादम पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त कापतो. मग अंगात ताप असलेला माणूस काय करणार? गोळी खाणार आणि फडात जाणार. खोकला आला तर सांगणारच नाही, कारण सांगितलं तर अख्ख्या टोळीला कामाविना बसवतील. तुम्ही कितीही मास्क वाटा, खाडा असेपर्यंत आजार लपवलाच जाणार. ही भीती नुसती कोविडची नव्हतीच. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यात पाहणी केली, ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत, आजारपणात सुट्टी नाही, फडावर संडास नाही, बाईचा डॉक्टर जवळपास नाही, याची किंमत अशी मोजली गेली.

लसीचंपण असंच. २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसमध्ये ८४ दिवसांचं अंतर होतं. ऑगस्टच्या शेवटी गावात पहिला डोस घेतला तर दुसरा नोव्हेंबरच्या शेवटी, आणि तोपर्यंत माणूस फडावर. दुसरा डोस कुठंही मिळेल असं नियमात होतं, पण लसीकरण केंद्र दिवसा उघडं, तोडणीही दिवसा, आणि लस घ्यायला गेला तर परत खाडा.

पुढं काही गोष्टी झाल्या, त्या मान्य करायलाच हव्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये संपानंतर तोडणीचा दर १४ टक्के वाढला, जानेवारी २०२४ मध्ये अजून ३४ टक्के, तेव्हा तो टनाला ३६६ रुपये झाला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सुरू झालं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचे, तेवढेच सरकारनं टाकायचे असं ठरलं. पोरांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. ग्रामसेवकांनी सर्वे करून ओळखपत्रं द्यायची असंही ठरलं.

पण एप्रिल २०२० मधली ती जबाबदारी, ती पुढच्या हंगामात कुठं गेली? दर हंगामाला कारखाना साखर आयुक्तांकडं गाळप परवान्यासाठी अर्ज करतो. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, थकवली असेल तर तो परवाना अडवतात, म्हणजे हत्यार आहे आणि वापरलंही जातं. त्याच अर्जासोबत तोडणी कामगारांची गाववार यादी मागा, बायकांची नावं वेगळी, नवऱ्याच्या कोयत्यात गुंडाळून नाही, हंगाम सुरू होतानाची आरोग्य तपासणी मागा, कोप्यांच्या तळावर पाणी आणि संडास आहे का ते बघायला माणूस पाठवा, आणि आजारपणाचा खाडा कापला तर त्याचा जाब कारखान्याला विचारा. यादी कशी करायची हे ३८ कारखान्यांना तर माहितीच आहे.