एक मिनिट, किती फूट

[दृश्य : सुगी उरकलेलं रान. चुन्याची रेघ. दोन्ही कडेनं गर्दी. हलगीचा आवाज.]

पंचाच्या हातात घड्याळ आहे. शिट्टी होते आणि रिकामा गाडा सुटतो. बेळगाव तालुक्यातल्या अनेक गावांत शर्यत होते ती अशी : गाड्यात माल नाही, जोडीला फक्त एक मिनिट, आणि तेवढ्यात बैल किती फूट पळाले ते टेप लावून मोजायचं. ज्याचे फूट जास्त, त्याचा नंबर पुढे.

या मिनिटाच्या आत काय होतं ते व्हिडिओ हळू करून पाहिलं तरच दिसतं. हाकणारा शेपटी पिरगळतो. कुणी पराणी टोचतं, कुणी काठी ओढतं. बैलाचे डोळे पांढरे होतात, तोंडाला फेस येतो. गर्दीला दिसतो तो फक्त वेग.

आणि हाच मालक घरी गेल्यावर काय करतो, तेही सांगायला हवं. त्या खिलार खोंडाला तो दूध पाजतो, अंडी पाजतो, पेंड भिजवून घालतो. घरातल्या पोराला ताप आला तर उद्या बघू म्हणेल, पण बैल चारा खाईना झाला की रात्री डॉक्टरला फोन. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदे मळायचे, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. ‘पोटच्या पोरागत सांभाळलंय’ हे वाक्य सीमाभागात कुठल्याही गोठ्यात ऐकू येतं, आणि ते खोटं नाही. म्हणूनच जनावरांच्या हालाचा हा विषय अवघड आहे. बैलाचा द्वेष करणारा माणूस इथं सापडत नाही. सापडते ती घाई, पैज आणि गावाची इज्जत.

[दृश्य : बैलाचे खांदे, वशिंड, पाय. जवळून.]

बैल पळतो का? पळतो. पण घोड्याची बांधणी पळण्यासाठी आहे आणि बैलाची ओढण्यासाठी. बैल जिवाच्या आकांतानं सुटतो तो बहुधा भ्यालेला असतो किंवा दुखावलेला. ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूच्या, म्हणजे तमिळनाडूतल्या बैल अडवायच्या खेळाच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा उचलला आणि बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. त्याच्या आधी, २०११ मध्येच, केंद्रानं बैलाला खेळासाठी शिकवायला आणि लोकांपुढे उतरवायला मनाई असलेल्या जनावरांच्या यादीत घातलं होतं.

पुढची गोष्ट सीमेवरच्या माणसाला तोंडपाठ आहे. २०१७ मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी केंद्राच्या १९६० च्या प्राणी-छळ प्रतिबंधक कायद्यात आपापल्या दुरुस्त्या करून शर्यतींना वाट मोकळी केली. महाराष्ट्राची दुरुस्ती उच्च न्यायालयात अडकली आणि तिकडच्या शर्यती डिसेंबर २०२१ पर्यंत बंद राहिल्या. मग काय, पलीकडचे बैल टेम्पोत चढून अलीकडे पळायला येऊ लागले. बंदीनं शर्यत थांबली नाही, नुसता टोलनाका ओलांडून आली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांचे कायदे मान्य केले, आणि नियम काटेकोर पाळले जाताहेत ना हे बघायची जबाबदारी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर टाकली.

म्हणजे आज शर्यत बेकायदा नाही. मारहाण बेकायदा आहे. खिळ्याची काठी तर ओढकामाच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांपासून बेकायदा आहे, आणि त्या नियमाला शर्यतीची वाट बघावी लागत नाही, तो शेतातल्या नांगरालाही लागू आहे. पण १९६० च्या मूळ कायद्यात जनावराला मारल्याचा दंड पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. आजही तेवढाच. निपाणीच्या स्टँडवर ५० रुपयांत दोघांचा नाष्टा होत नाही. शिवाय मारहाणीच्या गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही. एडक्यांच्या टकरी किंवा कोंबड्यांची झुंज लावली तर मात्र करता येते. म्हणून टकरी तेवढ्या आता आडबाजूला होतात.

घोडा आणि बैल एकाच जुवाला जुंपण्याचा प्रकारही याच पट्ट्यातला. त्यावर फार बोलायची गरज नाही. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी, आणि जू मात्र एकच. कळ कुणाच्या मानेला लागणार हे सांगायला पशुवैद्य लागत नाही.

‘विना लाठी-काठी’ शर्यती होतात, हेही खरं. पत्रकावर तसं छापलेलं असतं. आमचं म्हणणं एवढंच, की छापलेलं ते पंचानं मैदानात पाळावं. काठी उठली की जोडी बाद. असं दोन जोड्यांना केलं तर तिसरा हाकणारा काठी घरी ठेवून येईल, कारण बक्षीस घालवायला कुणीच आलेला नसतो.

[दृश्य : यात्रेचा रथ, गुलाल, घराघरांत पाहुणे.]

बेळगाव, खानापूरच्या खेड्यांत लक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते. बऱ्याच गावांत मधे कितीतरी वर्षं जातात. ती आली की मुंबई-पुण्याचे लोक रजा टाकून गावी येतात, घरं रंगतात, सोयरेधायरे गोळा होतात. पूर्वी या यात्रेत रेडा पडायचा. १९५९ मध्ये, राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं तेव्हा, देवळातल्या आणि देवळाच्या आवारातल्या पशुबळीवर इथं कायद्यानं बंदी आली. १९७५ मध्ये त्यात दुरुस्तीही झाली. उलट केंद्राच्या १९६० च्या कायद्याचं कलम २८ म्हणतं, की धर्माच्या रीतीनं केलेली हत्या हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. एका हातानं अडवलेलं दुसऱ्या हातानं सोडलं, असा हा प्रकार.

गावानं यातून आपली वाट काढली. बंदी आवारापुरती, म्हणून बकरं शिवारात जातं. पोलीस देवळापाशी उभे, आणि चार फर्लांगावर बांधाला चूल पेटलेली.

मटण खाणाऱ्यानं यावर बोलू नये, असा टोमणा हमखास येतो. आमच्या टीममधले निम्मे खातात. पण कत्तलखान्यासाठीसुद्धा २००१ च्या नियमांत अट आहे, की एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. यात्रेच्या शिवारात ही अट कुणाला आठवते? तिथं बकरी रांगेनं बांधलेली असतात आणि पुढचं काय होतंय ते मागचं बघत असतं. पोरंही बघत असतात.

याविरुद्ध बोलणारे बाहेरून आले, असंही नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी आपल्या एका वचनात सणासाठी आणलेलं नवसाचं मेंढरू तोरणाचाच पाला खाताना दाखवलं. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं, आणि पुढे आयुष्यभर कीर्तनांतून देवापुढच्या बळीवर कोरडे ओढले. आजही विश्व प्राणी कल्याण मंडळीचे दयानंद स्वामी कर्नाटकातल्या जत्रांतून हेच सांगत फिरतात. काही ठिकाणी कोहळा कापतात, नारळ फोडतात. देवी कोपल्याचं ऐकिवात नाही.

[दृश्य : बेळगाव शहर, दिवाळीचा पाडवा. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, कवड्यांच्या माळा.]

गवळी गल्ली, चव्हाट गल्ली, कोनवाळ गल्ली. पाडव्याला बेळगावातले गवळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात आणि म्हैस मालकाच्या मोटारसायकलीमागे धावते. दावं नाही, काठी नाही. हाक ओळखून धावते. हे बघण्यासारखं आहे आणि ते बंद व्हावं असं आम्हाला वाटत नाही. बंद व्हावा तो सायलेन्सर काढलेल्या गाडीचा कानठळ्या बसवणारा आवाज. जी म्हैस नुसत्या हाकेला येते, तिच्या कानाशी इंजिन रेज करून काय मिळवायचं असतं, हे आम्हाला कळलेलं नाही.

याच म्हशीच्या घरातली एक गोष्ट मात्र मिरवणुकीत येत नाही. तिला रेडकू झालं आणि ते नर निघालं, तर त्याचं काय होतं? नांगराला रेडा आता कुणी जुंपत नाही. दूध विकायचं असतं. मग रेडकाला कासेखाली नावापुरतं सोडतात आणि ते वाळत वाळत जातं. यात्रेतल्या एका रेड्यासाठी बंदोबस्त लागतो, अर्ज होतात, बातमी येते. गोठ्यातल्या रेडकाची कुठंच नोंद नाही.

जनावरांच्या बाजाराचंही तसंच. दात बघणं, रुमालाखाली बोटं धरून सौदा करणं, ते सगळं कॅमेऱ्याला आवडतं. कास भरलेली दिसावी म्हणून सकाळची धार न काढता उन्हात उभी केलेली म्हैस पायांवर झुलत असते, तिच्याकडे कॅमेरा वळत नाही. पान्ह्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं हा त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम १२ चा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा, आणि इथं पोलिसांना थेट हात घालता येतो.

म्हाताऱ्या बैलाचं काय, हा प्रश्न २०२० च्या कर्नाटकच्या कायद्यानंतर जास्तच टोचतो. गाय, बैल, वासरू यांच्या कत्तलीला बंदी. सूट मुख्यतः १३ वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांना. बंदीच्या बाजूनं आणि विरुद्ध भाषणं भरपूर झाली. काम न करणाऱ्या बैलाच्या रोजच्या वैरणीचा हिशेब दोन्हीकडच्या भाषणांत नव्हता. मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं भरायची नाहीत, हा नियम १९७८ चा आहे. ताडपत्रीखालच्या गाड्या रात्री निघतात आणि ताडपत्री उचलून मोजायला कुणी थांबत नाही.

[दृश्य : पहाट. साखर कारखान्याबाहेर टायरगाड्यांची रांग.]

शर्यतीतले हाल एका मिनिटाचे. उसाच्या गाडीतले हंगामभर चालतात. निपाणी, चिक्कोडी, अथणी, संकेश्वर हा सगळा उसाचा पट्टा. फडातून मोळ्या भरलेली टायरगाडी डांबरी रस्त्याला लागते. चढ आला की जोडी गुडघ्यावर येते. खांदेसूज आलेल्या मानेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जू. १९६५ चे नियम सांगतात : दिवसाला ९ तासांच्या वर जुंपू नये, सलग ५ तासांच्या वर नको, आणि पारा ३७ अंशांपुढे असला तर दुपारी १२ ते ३ अजिबात नको. कारखान्याच्या दारातल्या रांगेत बैल भर ओझ्याखाली उभा असतो, त्या तासांचा हिशेब कोण ठेवतो?

ऊसतोड्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मुकादमाची उचल त्याच्या डोक्यावर असते, पैसे टनावर मिळतात, आणि बैल पडला तर पहिलं नुकसान त्याचंच. तरी तो आणखी चार मोळ्या चढवतो, कारण हलकी खेप त्याला परवडत नाही.

शर्यतीत मारहाण सिद्ध करायला व्हिडिओ लागतो, यात्रेत साक्षीदार लागतो. इथं काहीच लागत नाही. प्रत्येक गाडी काट्यावर चढते आणि तिचं वजन पावतीवर छापून येतं. जास्त ओझ्याचा पुरावा कारखाना स्वतःच रोज शेकड्यांनी छापतो. बैलजोडीला एक मर्यादा ठरवून त्यापुढच्या गाडीला पुढची खेप द्यायची नाही, एवढं काट्यावरचा कारकूनही करू शकेल. त्यानं ऊसतोड्याचं जे नुकसान होईल ते तोडणी-वाहतुकीच्या दरात धरावं लागेल. आणि तो दर ठरतो हंगामाच्या आधी, बॉयलर पेटण्यापूर्वी, कारखान्याच्याच ऑफिसात.