पेटीतलं ऊन

[दृश्य: ब्रिस्बेनचा रस्ता, भर दुपार]

ब्रिस्बेन. वर्षभर लख्ख ऊन पडणारं शहर. तरीही इथले लोक एकेकाळी पैसे मोजून दिव्यांखाली झोपायचे. माणूस मावेल एवढी पेटी, वर झाकण, आत ओळीनं लावलेल्या जांभळट नळ्या. डोळ्यांवर इवलासा काळा चष्मा चढवायचा, मिनिटं लावायची आणि पडून राहायचं. काही फेऱ्यांत अंगाला तांबूस रंग चढतो. हे सोलेरियम, म्हणजेच टॅनिंग बेड. यातल्या ताकदवान यंत्रांमधले यूव्हीए किरण, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार, भर दुपारच्या उन्हापेक्षा दहा-पंधरा पट तीव्र असू शकतात.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हे दिवे थेट पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकले. तंबाखू ज्या गटात आहे, त्याच. त्याच वर्षी ब्राझीलनं रंगासाठी त्यांचा वापर बंद केला. २०१५ उजाडता उजाडता ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे, त्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली दुकानंही बंद झाली. ब्रिटन-अमेरिकेत मात्र ती अजून चालतात, आणि तिथल्या बायका विचारतात: दिवस गेलेत, आता झोपलं तर बाळाला काही होईल का?

[दृश्य: त्वचेच्या थरांचं रेखाचित्र]

किरण बाळापर्यंत पोचत नाहीत. अतिनील किरणांचा दुसरा प्रकार, यूव्हीबी, बहुतांश त्वचेच्या वरच्याच थरात अडतो, यूव्हीए थोडे खोल जातात. गर्भाशय तिथून फार लांब.

पण त्वचेतून आईचं रक्त फिरत असतं आणि त्यात असतं फोलेट, एक ब जीवनसत्त्व. डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिडची जी छोटी पिवळी गोळी देतात, ती याचसाठी. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो, ती नीट मिटायला फोलेट लागतं. प्रखर अतिनील प्रकाशात रक्तातलं फोलेट नष्ट होतं, हे १९७८ मध्येच दाखवलं गेलं होतं. ही नळी मिटते गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तेवढ्यात. पुष्कळ जणींनी तोवर चाचणीही केलेली नसते. म्हणून ‘दिवस गेलेत’ म्हणून पेटी सोडणं उशिराचं ठरू शकतं. मूल हवं असं ठरवलं, तेव्हाच ती सोडायला हवी.

२०१४ मध्ये ब्रिस्बेनच्याच संशोधकांनी ४५ स्त्रिया तपासल्या. उन्हात जास्त वावरणाऱ्यांचं फोलेट २० टक्क्यांपर्यंत कमी भरलं. अर्थात, ते उघड्यावरचं ऊन होतं. टॅनिंगच्या दिव्यांवरच्या काही छोट्या प्रयोगांत असा फरक दिसला नाही. तेव्हा पेटीत झोपल्यानं बाळात व्यंग येतंच, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण नुसत्या रंगापायी ही जोखीम कशाला घ्यायची?

त्यात पेटीची उष्णता. सुरुवातीच्या आठवड्यांत आईच्या शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर जाणं बाळाला बरं नाही. पुढच्या महिन्यांत उताणं पडून राहिलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, घेरी येते. आणि गरोदरपणात गालांवर उठणारे वांग अतिनील किरणांनी आणखी गडद होतात. रंगासाठी गेलेल्या बाईला हे तर मुळीच नको असतं.

[दृश्य: त्वचारोग विभाग, उपचाराची उभी पेटी]

महाराष्ट्रात टॅनिंगला फारसं कुणी जात नाही. पण कोड किंवा सोरायसिससाठी प्रकाशोपचार घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यांनी हे ऐकून घाबरून उपचार सोडू नयेत. नॅरोबँड यूव्हीबी हा प्रकार मोजून-मापून दिला जातो आणि गरोदरपणातही चालतो, सोबत फॉलिक अ‍ॅसिड घेऊन. सोरालेन या, त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करणाऱ्या औषधाच्या गोळ्या घेऊन करायचा यूव्हीएचा उपचार मात्र या काळात टाळतात. आपला उपचार यातला नेमका कोणता, हे त्वचेच्या डॉक्टरांना विचारावं, आणि मुलाचा विचार चालू असल्याचं त्याच भेटीत सांगावं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी किती घ्यायची, ते मग तेच ठरवतील.