तीन-चार सेकंदांचा जाळ

(दृश्य : सबस्टेशनचं काम चालू आहे. खोदलेला चर, तळाशी तांब्याची उघडी तार.)

सबस्टेशन सुरू झालं की ही तार कुणाच्या नजरेस पडणार नाही. वर माती आणि मातीवर खडी. यार्डात फॉल्ट झाला, म्हणजे वीज भलत्या वाटेने जमिनीकडे धावली, तर हजारो अँपिअर करंट जमिनीत जिरवायचं काम मात्र हिचंच. तार आणि जमिनीत ठोकलेला अर्थिंगचा रॉड यांचा सांधा नट-बोल्टचा ठेवला, तर मातीत तो गंजतो, सैल पडतो. म्हणून इथे वेल्डिंग. तेही मशीनशिवाय, विजेशिवाय.

साइटवर याला सगळे कॅडवेल्डिंग म्हणतात. अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स कॅडवेल यांनी १९३८ साली ही रीत काढली, ती रेल्वेच्या रुळांना सिग्नलच्या तारा जोडण्यासाठी.

(दृश्य : ग्रॅफाइटचा काळा साचा, दोन फाकांत उघडलेला.)

तार आणि रॉड या साच्यात धरायचे, वर पावडर भरून पेटवायची. पावडरमध्ये तांब्याचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम. पेटलं की ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं आणि तांबं मोकळं होतं, तेही वितळलेलं. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. इथली उष्णता त्याच्या कितीतरी वर जाते. पावडरखालची पोलादी चकती वितळली की रस खाली सांध्यात उतरतो. मळी हलकी, ती वर राहते.

जाळ सगळ्यांना दिसतो. घात करते ती ओल, आणि ती दिसत नाही.

ग्रॅफाइट रात्रीचं दव पिऊन बसतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. बंद साच्यात ती जागा मिळत नाही, मग वाफ तापलेला रस बाहेर उडवते. म्हणून दिवसाच्या पहिल्या सांध्याआधी साचा बर्नरने सुमारे १२० अंशांपर्यंत तापवायचा. तारही शेकायची. फक्त फडक्याने पुसून भागत नाही.

(दृश्य : तारेच्या ब्रशने रॉड घासला जातो. चकती, मग पावडर. वर पेटवणीची बारीक पावडर, चिमूटभर साच्याच्या ओठावर. झाकण बंद.)

आता कारागीर कुठे उभा राहतो ते पाहा. झाकणाच्या तोंडासमोर नाही, बाजूला. जाळ त्याच तोंडातून बाहेर येतो. हातमोजे, चष्मा, अंगभर सुती कपडे. चरातलं वाळकं गवत आधीच काढलेलं.

"मागं सरा रे!"

चकमकीची ठिणगी ओठावरच्या पावडरीवर, आणि त्याच क्षणी हात मागे. काडेपेटीने पेटवू पाहणारेही भेटतात; त्यांचा हात नेमका जाळाच्या वाटेत असतो. आता बॅटरीवर पेटवायची यंत्रंही आली आहेत. त्यांची तार सुमारे १.८ मीटरची, त्यामुळे माणूस तेवढा दूर राहतो. मला विचाराल तर चरात वाकून काम करणाऱ्याला हेच बरं.

(दृश्य : पांढरा लखलखाट. धूर. शांतता.)

पेटलंच नाही, तर झाकण उघडून लगेच आत डोकवायचं नाही. पेटलं, तरी रस घट्ट होईपर्यंत साच्याला हात नाही.

(दृश्य : साचा उघडतो. हातोडीने मळी झडते.)

पहिला सांधा भरीव, तांबूस. दुसराही. तिसऱ्यात मात्र बारीक भोकं, खरवसासारखी जाळी पडलेली. मधे जेवणाची सुट्टी झाली होती, साचा गार पडला होता, पुन्हा तापवायचा राहिला.

करवत मागवली जाते. सांधा कापायचा. पुन्हा ब्रश, पुन्हा बर्नर.